शंभर डोसांची कुपी आणि आमची वाडी

ताई, नमस्कार.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहून मोकळी होते. नाव घालणार नाही, तुमची तशी अटच आहे. पण पशुसखी म्हणजे कोण, हे बाहेरच्या वाचणाऱ्यांना सांगायला हवं. बचत गटातलीच एक बाई, 'उमेद' अभियानातून प्रशिक्षण घेतलेली, खांद्याला पिशवी आणि हातात बर्फाचा थर्मास घेऊन वाड्यावाड्यांतून शेळ्या-कोंबड्यांचं बघणारी. डॉक्टर नव्हे. हे तुम्ही प्रत्येक घरी आधी स्वतःच सांगता, आणि जे आपल्या हातातलं नाही त्याला सरळ तालुक्याच्या दवाखान्याची वाट दाखवता.

आमच्या रत्नागिरीकडच्या वाड्यांत कोंबड्या पाळतात असं कुणी म्हणत नाही. कोंबड्या असतात. पडवीच्या कडेला चिऱ्याचं खुराडं असतं, तिन्हीसांजेला त्या आपसूक आत जातात, सकाळी फळी सरकवली की बाहेर. मूठभर कण्या, उरलेला भात, बाकी पोट त्या परसात उकरून भरतात. पाहुणा आला, कुणाचा नवस फेडायचा असला की एक कमी होते. आणि शिमगा सरला की मर येते. "यंदा मर कधी?" असं पावसाबद्दल विचारावं तसं आमच्याकडे विचारायचे. कुणाच्या बापाचं काय जात नव्हतं, कारण सगळ्यांचंच जात होतं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ती मर पाहिली आहे. आधी एखादी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहते, डोळे मिटून. हिरवट-पांढरी हगवण लागते. मग एक पंख लोंबायला लागतो, मान पिळवटून मागे वळते, आणि ती दाणा टिपायला जाते तेव्हा चोच दाण्याच्या भलत्याच बाजूला आपटते. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. आठवड्याभरात खुराडं रिकामं. पावसाळा संपला की कुठून तरी एक तलंग आणि एक कोंबडा आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग, त्यामुळे झाल्यावर औषध नाही. हळद, लसूण, राख, काहीही घाला. लस मात्र आहे, आजची नाही, कित्येक दशकांपासूनची आहे आणि महागही नाही. मग ती आमच्या वाडीत पोहोचली का नाही? मला वाटायचं, आमचं अडाणीपण. तुम्ही पहिल्याच दिवशी थर्मास उघडून कुपी दाखवलीत आणि म्हणालात, "ह्यात शंभर डोस आहेत. तुझ्याकडे पक्षी किती?" दहा-बारा. कुपीत पाणी घालून लस कालवली की तासा-दोन तासांत संपवायची, तीही गार ठेवून, उन्हाची तिरीप लागू न देता. उरलेली उद्याला चालत नाही. दहा कोंबड्यांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? पोल्ट्रीवाल्याला हा प्रश्नच नाही, त्याच्या एका शेडला अशा कितीतरी कुप्या लागतात. अडतं ते परसातल्या कोंबड्यांचं.

ताई, आभार मानायचे आहेत ते मुख्यतः इथेच. तुम्ही लस आणलीत म्हणून नव्हे. तुम्ही शंभर कोंबड्या गोळा केल्यात म्हणून.

ती वही मला आठवते, मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं. घर, मोठे पक्षी, दोन महिन्यांच्या आतले, पिल्लं, असे रकाने. तुम्ही दारोदार फिरलात, आणि बायकांनी कोंबड्या मोजून सांगितल्या तरी पुन्हा संध्याकाळी खुराड्याशी येऊन मोजल्यात, कारण दिवसा सांगितलेला आकडा आणि रात्री आत शिरलेला आकडा यांचा आमच्याकडे कधी मेळ बसत नाही. आकडा कमी पडला तेव्हा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची घरं जोडून घेतलीत. त्या घरांशी आमचं पायवाटेवरून वाकडं आहे, हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं केलंत.

देवळाजवळच्या आजोबांनी नकार दिला, तेव्हा मला वाटलं तुम्ही आता भाषण द्याल. त्यांचं म्हणणं साधं होतं: सुई टोचली की अंडी बंद होतात. तुम्ही म्हणालात, "खरं आहे. थोडे दिवस मरगळतात, अंडी कमी होतात. मग सुरू होतात." बस, एवढंच. आजोबांना आजवर कुणी खरं आहे असं म्हटलं नसावं. संध्याकाळी ते स्वतः बॅटरी घेऊन उभे होते.

टोचणीची ती संध्याकाळ सगळ्या वाडीला पाठ आहे. काळोख पडल्यावर कोंबडी गप्प असते, एकेक करून खुराड्यातून काढायची, पोरांनी डालग्याखाली धरायची. मोठ्यांना पंखाखाली आर-टू-बी, ही मानमोडीची टोचायची लस, अर्धा मिली. दोन महिन्यांच्या आतल्यांना ती चालत नाही, त्यांना लासोटा, त्याच रोगाची थेंबाने द्यायची लस. पिल्लाला लासोटा देताना मात्र तुमचा हात बघावा. पिल्लू मुठीत, डोकं दोन बोटांत, डोळ्यावर एक थेंब, आणि मग थांबायचं. पिल्लू पापणी मिटून उघडतं, थेंब आत जातो, तेव्हाच ते खाली ठेवायचं. आमच्या पोरांना घाई. तुम्ही प्रत्येकाला थांबवून विचारायचात, "मिटला का डोळा?" आता तेच एकमेकांना विचारतात. रिकामी कुपी परसात टाकू दिली नाहीत, खोल पुरून टाकलीत. आणि त्याच्या आठवडाभर आधी सगळ्या घरांतून जंताचं औषध पाण्यातून द्यायला लावलंत, ते वेगळंच. पोटात जंत असले की लस नीट लागू पडत नाही, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

त्या उन्हाळ्यात खालच्या गावात मर आली. आमच्याकडे पक्षी राहिले.

याहून अवघड काम तुम्ही बाजाराच्या दिवशी केलंत, आणि त्याबद्दल कुणी तुमचे आभार मानणार नाही, म्हणून मी मानते. मर लागली की आपण काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. अजून उभ्या असलेल्या कोंबड्या पाटीत घालून बाजारात नेतो. मेलेली पऱ्यात टाकतो. दोन्हीकडून रोग पुढच्या वाडीला जातो. तुम्ही बायकांच्या बैठकीत हे सरळ बोललात, आणि वर म्हणालात की मेलेला पक्षी खड्डा काढून चुना घालून पुरा, पण एकदम पाच-सहा मेल्या तर पुरून गप्प बसू नका, दवाखान्यात कळवा. कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा इथे कोकणातसुद्धा कुणी अंडं घेईना, अशी सासूबाईंची आठवण आहे.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर तो खिळा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना आमच्याकडे टोपलीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवतात, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही खिळ्याला हात लावला नाहीत, खालचं ओलं गवत तेवढं बदलून कोरडा पेंढा घातलात, आणि विचारलंत, अंडी किती दिवसांची आहेत? उन्हाळ्यात आठवड्यावरचं अंडं बसवू नये, धुतलेलं तर नाहीच, धुतलं की त्यावरचा नैसर्गिक लेप जातो. सातव्या रात्री तुम्ही बॅटरीच्या तोंडाशी अंडं धरून सासूबाईंना दाखवलंत. आत एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या लाल शिरा. जे अंडं नुसतं पिवळट उजळलं ते बाजूला काढलं. साठी उलटलेल्या बाईने आयुष्यभर कोंबड्या बसवल्या, पण अंड्याच्या आतलं त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर दर खेपेला सातव्या रात्री आमच्या घरी बॅटरी सापडत नाही. खिळा अजून टोपलीत असतो. असू दे.

गिरिराज आणि वनराज यांची अंडी गावठीखाली बसवायची युक्तीही तुमचीच. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातली गिरिराज, हैदराबादची वनराज, या जाती गावठीपेक्षा पुष्कळ अंडी देतात, वजनालाही भरतात, पण खुडूक बसण्याचा त्यांना कंटाळा. आमची गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल, पण एकवीस दिवस हलणार नाही, आणि वर घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेईल. मुलाला शाळेत शिकवलंय की अधिक उत्पादन म्हणजे चांगली जात. तुम्ही त्याला विचारलंत, मग पिल्लं कोण काढणार?

कोंबडा बदलायचं तर आम्हाला सुचलंच नसतं. आमचा जुना कोंबडा अर्ध्या वाडीचा बाप आणि उरलेल्या अर्ध्याचा आजोबा होता. अंडी फुटत नव्हती, फुटली तर पिल्लं किरटी. तुम्ही दुसऱ्या गावातून अदलाबदल घडवलीत आणि नव्याला पंधरा दिवस वेगळं ठेवायला लावलंत, येताना काही आजार घेऊन आला असेल तर कळावा म्हणून. आमचा एक तरणा कोंबडा होताच. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की कोंबडा उजेड बघून नाही, अंगातल्या घड्याळावर आरवतो. पुढे असंही आढळलं की एकत्र असलेल्यांत मानाचा कोंबडा पहिला आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. आमच्याकडे मान कुणाचा हे ठरेपर्यंत अंगणात पिसं उडाली. पाहुणा जिंकला.

बाकी तिसऱ्यांची शिंपलं कुटून खायला घालणं, खुराड्यात तूस पसरून ते ओलं झालं की बदलणं, फटींना मुंगूस शिरणार नाही अशी जाळी मारणं, हे सगळं लिहीत बसले तर तुम्ही म्हणाल, आता पुरे.

एक मात्र तुम्ही कधी म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. वाचणाऱ्या वाडीकरांनो, ताई पक्ष्यामागे जे दोन-तीन रुपये घेतात त्यातच बर्फ, रिक्षा आणि सुया आल्या. "सरकारचंच आहे ना, फुकट असेल" असं म्हणून मागच्या फेरीला काही घरांनी पैसे दिले नाहीत. तीच घरं गटारीला गावठी कोंबडा चांगल्या भावाने विकतात. हिशेब माझ्याकडे आहे, नावं इथे टाकत नाही.

तर ताई, पुढच्या फेरीची यादी मी केली आहे. पलीकडची घरं धरून शंभरावर जातेय, दुसरी कुपी लागेल असं दिसतं. जंताचं औषध या रविवारी सगळ्यांकडे जाईल, पोरांना वाटून दिलंय. देवळाजवळच्या आजोबांच्या खुडुकीची अंडी गुरुवारी फुटतील, म्हणजे त्या पिल्लांचा लासोटा पुढच्या आठवड्यात. बर्फ माझ्याकडे लावलेला आहे, तिठ्यावरून विकत घेऊ नका. पायवाटेचं आमचं अजून मिटलेलं नाही, त्यामुळे पलीकडच्यांना तारीख तुम्हीच कळवा.

तुमची,
वरच्या वाडीतली चिऱ्याच्या खुराड्यावाली