बशी झाकलेला चहा

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल. आणि पाचगणीच्या एशिया प्लॅटो या शिबिरांच्या केंद्रात तुम्हाला शोधायला नाव लागतंय कुठं? स्वयंपाकघरात जायचं आणि घासलेलं पातेलं उजेडाकडं धरून बघणारा माणूस दिसला की तेच तुम्ही.

पत्र जुलैतच लिहायला हवं होतं. चार वेळा बसलो, दोन ओळींच्या पुढं सरकेना. आज दसऱ्याची सुट्टी आहे, आणि गावाहून एक पिशवी आलीय. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

खरं सांगू का, मी तिथं आलो तो कंपनीनं पाठवलं म्हणून. पसरणीचा घाट चढतानाच ठरवलं होतं, चार दिवस पाऊस बघायचा, गरम भजी खायची आणि परत चाकण. कारण आधीचा अनुभव ताजा होता. दोन वर्षांपूर्वी असंच एक ‘नेतृत्व शिबिर’ एका मोठ्या हॉटेलात झालं होतं. कोट घातलेल्या साहेबांनी आम्हाला फुगे फोडायला लावले, आरशासमोर उभं करून ‘मी वाघ आहे’ असं ओरडायला लावलं. जेवण उत्तम होतं. सोमवारी पहिल्या पाळीला सगळे वाघ एकमेकांच्या अंगावर.

तुमच्याकडं पहिला धक्का बसला तो ताट विसळताना. आमचे प्लँट हेड, युनियनचे दोघं आणि मी, एकाच हौदावर. शेजारी परदेशातून शिकायला आलेली एक मुलगी. तिला मराठीत एकच शब्द येत होता, ‘बास’, आणि तो ती अगदी बरोबर ठिकाणी वापरायची. साहेबांच्या हातात राख लागलेली कढई मी बारा वर्षांत पहिल्यांदा बघितली.

पण माझी गोष्ट कंपनीची नव्हतीच. ती तुम्हाला ठाऊक आहे. इथं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोरेगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन. वडील गेले, वाटण्या झाल्या, आणि थोरल्या भावाशी बांधावरून भांडण लागलं. दीड फूट बांध. सात वर्षं बोलणं बंद. मोजणी झाली, वकील झाले, तारखा झाल्या. पुतणीच्या लग्नाचा मांडव मी एसटीच्या खिडकीतून बघितला. गाडी फाट्यावर दोन मिनिटं थांबली होती, सनई ऐकू येत होती, आणि मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलो.

आमच्या गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालेलं आहे. फलक अजून उभा आहे, रंग उडालाय तेवढा. त्याच फलकाखाली बसून एका मोठ्या माणसानं मला तासभर समजावलं की कोर्टात तुझीच बाजू भक्कम आहे, मागं हटू नकोस. भावालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, हे आता कळलं. मामा म्हणाले, मिटवून टाका. कसं मिटवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वकिलांबद्दल काय बोलायचं, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी सत्रात त्या जागेचा इतिहास सांगितला. राजमोहन गांधी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1968 साली हे केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांच्या चळवळीचं नाव मॉरल रीआर्मामेंट, म्हणजे एमआरए, होतं. 2001 पासून इनिशिएटिव्हज ऑफ चेंज. आमचा ड्रायव्हर मात्र अजून ‘एमआरए’च म्हणतो. प्रामाणिकपणा, पावित्र्य, निःस्वार्थता आणि प्रेम, या चार कसोट्यांवर आधी स्वतःला घासून बघायचं, सकाळी गप्प बसायचं आणि आतून जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. हे ऐकताना मी मागच्या रांगेत पेंगत होतो, कबूल करतो.

मग इरेन लोर या बाईंची गोष्ट आली. फ्रान्सच्या समाजवादी पुढारी, महायुद्धात मार्सेलमध्ये जर्मनांविरुद्ध भूमिगत काम केलेल्या. 1947 साली स्वित्झर्लंडमधल्या कॉ या गावी, याच चळवळीच्या केंद्रात आल्या. तिथलं जुनं डोंगरावरचं हॉटेल स्विस लोकांनी आदल्याच वर्षी विकत घेतलं होतं, युद्धात एकमेकांना मारलेल्या देशांची माणसं एका छताखाली आणायची म्हणून. सभागृहात जर्मन दिसले तशा या बाई सामान बांधून निघाल्या. तेव्हा चळवळीचे संस्थापक फ्रँक बुकमन यांनी त्यांना विचारलं की जर्मनांना वगळून युरोप उभा कसा करणार? बाई थांबल्या. त्यांची झोप उडाली. नंतर त्यांची गाठ एका जर्मन बाईशी पडली, ती निघाली हिटलरविरुद्धच्या कटात फाशी गेलेल्या माणसाची विधवा. शेवटी लोर बाईंनी भर सभेत जर्मनांची माफी मागितली, आपल्या मनातल्या द्वेषाबद्दल. पुढं नवरा-बायको दोघं जर्मनीभर हिंडून हेच बोलत राहिले.

मी जागा झालो, पण वैतागून. म्हटलं, तिथं महायुद्ध, इथं दीड फूट बांध. आम्हाला कशाला सांगता? संध्याकाळी भांडी घासताना तोच वैताग तुमच्यावर काढला. भावाचा सगळा पाढा वाचला. त्यानं बांध कसा कोरला, वहिनी काय बोलली, मोजणीच्या दिवशी कोण कोण हसलं. तुम्ही एक शब्द मध्ये बोलला नाहीत. कढई घासून झाली, उजेडाला धरून बघितलीत, आणि विचारलंत, “पहिला तास कुणी मारला?”

बस एवढंच. तास म्हणजे नांगरानं ओढलेली एक ओळ; ती बांधात घातली की बांध कोरला जातो.

काका, शेतकऱ्याच्या पोराशिवाय हा प्रश्न कुणाला सुचणार नाही. सात वर्षांत मोजणीदारानं विचारला नाही, वकिलानं नाही, कोर्टानं नाही. उत्तर मला एकट्याला माहीत होतं. वडील गेले त्या वर्षी नांगरटीला ट्रॅक्टरवाल्याला मी म्हणालो होतो, “घे की एक तास आत, कोण बघतंय.” भावानं कोरला तो पुढच्या वर्षी, आणि मग आम्ही दोघंही थांबलो नाही. पण पहिला तास माझा होता. तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, हात पुसून निघून गेलो. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत.

सकाळच्या शांततेत माझ्या वहीत एकच ओळ उतरली: पहिला तास मी.

त्या दिवशी दुपारच्या चहाला पाऊस असा की समोरचे सिल्व्हर ओक दिसेनात. फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या त्या टोकाला. मी चहाचा कप तसाच कट्ट्यावर ठेवून तिकडं गेलो. नंबर पाठ होता. भावानं उचलला आणि काहीच बोलला नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, “आण्णा, पहिला तास मी मारला होता.” पलीकडं इतका वेळ शांतता की फोन कट झाला असं वाटलं. मग तो म्हणाला, “माहीत होतं मला. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं होतं तेव्हाच. तू कधी म्हणतोस, त्याची वाट बघत होतो.” त्यापुढं काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, दोघंही नीट बोलत नव्हतो. शेवटी म्हणाला, “घेवडा फुलावर आलाय. ये बघायला.”

वळलो तर तुम्ही दहा पावलांवर, पाठ करून पायरीवर बसलेले, पावसाकडं बघत. वाऱ्यानं पाऊस आत येत होता, तुमची डावी बाही पार भिजलेली. माझा कप तुम्ही आतल्या अंगाला घेतला होता, त्याच्यावर बशी झाकलेली. उठलात, कप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “निवला असेल, पण पाणी नाही गेलं त्यात.” काय झालं, कुणाशी बोललात, मिटलं का, काही विचारलं नाहीत. तसेच ओल्या बाहीनं आत गेलात. रात्रीचं पिठलं तुमच्याकडं होतं.

तुमचे आभार मानायला बसलो की ती बशीच डोळ्यांपुढं येते. तोवर ज्यानं त्यानं माझ्या भांडणात काही ना काही मागितलं होतं. कुणाला मी जिंकायला हवा होतो, कुणाला फी हवी होती, कुणाला मिटवल्याचं श्रेय. तुम्ही माझ्या चहात पाणी जाऊ दिलं नाहीत आणि मला बोलू दिलंत. अशी माणसं बहुतेक मागच्या दारानंच ये-जा करतात, म्हणून व्यासपीठावर दिसत नाहीत. आमच्या आईचा जीव असाच होता. पाहुण्यांत भांडण पेटलं की ती मधे पडायची नाही, आत जाऊन भाकरी थापायला घ्यायची. सगळ्यांच्या.

सगळं गोड झालं असं नाही. दावा मागं घ्यायचा अर्ज दिलाय, वकील नाराज आहेत. वहिनी अजून माझ्याशी तुटकच बोलते, आणि तिचं बरोबरच आहे, लेकीच्या लग्नात काका नव्हता हे कशानं भरून निघणार? बांधावर मात्र आम्ही दोघांनी ऑगस्टमध्ये तीन शेवग्याच्या काठ्या लावल्या. दोन जगल्यात.

आता पिशवीचं. आण्णानं वाघ्या घेवडा पाठवलाय, यंदाचा, निवडून. चिठ्ठीत वहिनीच्या अक्षरात लिहिलंय, ‘दोन किलो पाचगणीच्या काकांना’. पुढच्या रविवारी घेऊन येतो. शिजायला ठेवा, भांडी मी घासतो.

आपला,
मागच्या रांगेत पेंगणारा