रविवारच्या अदलाबदलीआधी : खेळण्यातले जर्मन शिपाई आणणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, रविवारी येताना एवढं पाहून या.

तळाला ‘एलास्टोलिन’ असं उठवलेलं दिसलं म्हणजे शिपाई जुनाच, असं धरून चालू नका. एलास्टोलिन या नावाने शिपाई बनवणारी जर्मनीतल्या नॉयस्टाटची हाउसर कंपनी १९८३ साली बुडाली, पण तिचे साचे प्रायझर या दुसऱ्या जर्मन कंपनीकडे गेले आणि त्याच नावाने शिपाई पुढेही निघत राहिले. त्यामुळे देणाऱ्याने हाउसरचा की प्रायझरचा, हे आधीच सांगावं. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावं, त्यात कमीपणा नाही. नव्याने रंगवलेला असेल किंवा भाला-तलवार बदललेली असेल तर तेही सांगा. जुना रंग थोडा उडालेला असला तरी चालतो. ताजा हात फिरवून चकाचक केलेला रोमन शिपाई निदान मी तरी घेणार नाही.

सात सेंटिमीटरचे आणि चार सेंटिमीटरचे वेगळ्या डब्यांत आणा. चार सेंटिमीटरच्या नॉर्मनांचे भाले जरा धक्का लागला तरी मोडतात, तेव्हा प्रत्येकाला टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, रंग चिकटतो.

प्लॅस्टिकच्या आधीचे, लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याचे शिपाई पाण्याने धुऊ नयेत. आपल्या पावसाळी हवेतही ते फुगतात, आतली तार गंजते आणि पायाला चीर जाते. अशी चीर आधी दाखवा, मग मोबदल्याचं बोला.

लहान मुलांना आणायला हरकत नाही, टेबलापासून मात्र हातभर लांब.