बोट विकतोय, पण सगळं सांगूनच

संपादक साहेब, नमस्कार. बोटीवर राहायची हौस आता आपल्या लोकांनाही लागलीये म्हणून लिहितोय. आम्ही दोघं कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात आमची लगून ३८० मॉडेलची जुनी कॅटामरान, म्हणजे जोड-तळाची शिडाची बोट, विकायला काढलीये, ३८ फूट लांब, २१ फूट रुंद, सोलर आहे, समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन आहे, रोज पोळ्या होतात तिच्यात, आणि बघायला येणारा नुसता फ्रीज उघडून बघतो! अहो, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा किती जुन्या ते आधी विचारा, दहाएक वर्षांनी त्या बदलाव्या लागतात, खर्च मोठा असतो. डावीकडच्या खिडकीच्या कडेला पाऊस झिरपतो हे आम्ही स्वतःच दाखवतो. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासणाऱ्या जाणकाराला, तिच्या तळावर ठोकठोक करून बघू दे, मगच पैसे द्या.

– एक वाचक, ग्रेनाडा