स्वातीच्या गोळ्या बंद करू नका

ती. आई-बाबांना सा. न.

स्वातीचा रिपोर्ट बघितला. सातवा महिना सरत आला आणि हिमोग्लोबिन ८.४. गरोदर बाईचं निदान ११ तरी हवं. त्यात आई, तू म्हणालीस की लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळतं, शी काळी होते, म्हणून सध्या बंद ठेवल्यात. ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

न पचलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून शी काळी दिसते. त्यानं अपाय होत नाही. गोळ्यांनी बाळ काळं होतं, हे शेजारच्या काकूंचं म्हणणंही खरं नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना दे, पण बंद नको.

शेवटच्या तीन महिन्यांतच बाळ आईच्या अंगातलं लोह साठवून घेतं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं, त्यामुळे जन्मल्यावर सहाएक महिने बाळाला ती शिदोरी पुरवायची असते. आईलाच कमी पडलं तर बाळ दिवस भरायच्या आत होण्याची, वजन अडीच किलोच्या आत राहण्याची भीती. आमच्या वॉर्डात अशी बाळं बघते ना मी. दोन घोट ओढतात आणि दमून झोपतात, पाय गार पडतात, आई रात्रभर उशाशी बसून. आणि बाळंतपणात रक्त जातंच. धडधाकट बाईला सोसतं तेवढं जाणंही स्वातीच्या जिवावर बेतू शकतं. मला खरी धास्ती त्याची आहे.

बाबा, तुम्ही तिच्यासाठी गंगावेशीतून धारोष्ण दूध आणता, तुमची माया कळते. पण या दिवसांत कच्चं दूध नको, उकळूनच द्या, आणि गोळीबरोबर तर नकोच. दुधानं आणि चहानं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्यायची. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

गूळ-शेंगदाणे खाऊ देत, पण आपला गूळ कितीही चांगला असला तरी एवढी तूट गुळानं भरून निघत नाही. रविवारी मटण केलंस की आई, नुसता पांढरा रस्सा नको, फोडी तिच्या ताटात जास्त वाढ.

डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या लिहिल्यात, तशाच चालू ठेवा. महिन्याभरानं रक्त पुन्हा तपासा, साधारण एकानं तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर शिरेतून लोह देतात, त्याला घाबरू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथंही दाखवता येईल. बाळंतपण मात्र रक्ताची सोय असेल अशाच दवाखान्यात करायचं. नाळ लगेच न कापता मिनिटभर थांबाल का, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तेवढ्यात बाळाला नाळेतलं बरंच रक्त मिळतं.

आज रात्रीपासूनच सुरू करा. तिनं गोळी घेतली की मला फोन करा, कितीही उशीर झाला तरी.

तुमची,
सुजाता