कायमचे प्रमुख पाहुणे

पुणे,
रविवार

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ते इंग्लंडचे राजेलोक दिवसभर करतात तरी काय? हात हलवायचे आणि जेवायचं!" तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास. माझं उत्तर तोंडातच राहिलं, ते आता कागदावर उतरवते. तुला ठाऊकच आहे, माझी उभी नोकरी साहेबलोकांच्या डायऱ्या सांभाळण्यात गेली. पाहुणे किती वाजता, गाडी कुठल्या फाटकाशी, सत्कार शाल-श्रीफळाने की नुसत्या पुष्पगुच्छाने, प्रास्ताविक करणाऱ्याला आवरायचं कोणी. त्यामुळे या घराण्याची बातमी आली की मला मुकुटाआधी त्यांची डायरी दिसते.

ती डायरी उघडीच असते, बरं का. 'कोर्ट सर्क्युलर' नावाचं त्यांचं पत्रक आहे. वर्तमानपत्रं आपल्याबद्दल काहीबाही छापतात म्हणून वैतागून तिसऱ्या जॉर्जने ते 1803 मध्ये सुरू केलं. आजही निघतं, संकेतस्थळावर कोणीही वाचावं. मी वाचते, हसू नकोस. भाषा आपल्या सरकारी दौरा-कार्यक्रमासारखी ठणठणीत कोरडी. सकाळी अमुक संस्थेला भेट, जिल्ह्यातल्या राजाच्या प्रतिनिधीकडून स्वागत, दुपारी दुसरी संस्था, संध्याकाळी लंडनला भोजन. विशेषण औषधालासुद्धा नाही.

त्यात कार्यक्रमांच्या संख्येत वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या नंबरात असते ती राजकन्या अ‍ॅन, राजा चार्ल्सची बहीण. जन्म 1950 चा. तीनशेहून जास्त संस्थांशी संबंध. 'सेव्ह द चिल्ड्रन'चं अध्यक्षपद 1970 ते 2017 पर्यंत सांभाळलं, मग आश्रयदाती झाली. मधल्या काळात 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरूनही आली. कोट दशकांपूर्वीचे, तेच धुऊन-इस्त्री करून. जून 2024 मध्ये घोड्यामुळे डोक्याला मार बसून इस्पितळात पडली, आणि जुलैत पुन्हा पत्रकात नाव! मला ही बाई मनापासून आवडते. तिच्या स्वीय सहायकाची मात्र दया येते.

आता कामाचं म्हणशील, तर काम प्रमुख पाहुण्याचंच. पण ते कसं करतात हे बघण्यासारखं आहे. मानपदकं देण्याचा समारंभ घे. वर्षाला असे साधारण तीस होतात, विंडसरला किंवा बकिंगहॅम राजवाड्यात, आणि एकेका समारंभात साठ-एक माणसं. आपल्याकडे पदक लावताना टाचणी सापडत नाही, सापडली तर कोटात शिरत नाही, फोटोवाला "सर, इकडे बघा" करत राहतो, आणि मागे रांग खोळंबते. तिथे प्रत्येकाच्या कपड्याला आधीच एक छोटा हूक लावून ठेवतात. नाव पुकारलं की माणूस पुढे येतो, राजा पदक त्या हुकात अडकवतो, दोन वाक्यं बोलतो, हस्तांदोलन करतो. ते हस्तांदोलन म्हणजे "या आता" अशी खूण. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. पण त्या मिनिटात समोरच्या गावाकडच्या परिचारिकेला वाटलं पाहिजे की या माणसाला आज दुसरं कामच नाही. चाळिसाव्या माणसाशीही तसंच बोलायचं, पंचावन्नाव्याशीही. मंदा, मी व्यासपीठावर जांभया दाबणारे पाहुणे पाहिले आहेत, सत्कारमूर्तीचं नाव दोनदा चुकवणारे पाहिले आहेत. म्हणून सांगते, हे सोपं नाही.

उन्हाळ्यातल्या उद्यान-मेजवान्यांचं तर विचारूच नकोस. एकेका मेजवानीला चहाचे सुमारे 27,000 कप आणि सँडविच 20,000! आपल्या हॉलवाल्याला सांगितलं तर तो आधी अ‍ॅडव्हान्स मागेल. पाहुण्यांच्या रांगा करून मधे वाट ठेवतात आणि कोणाची ओळख करून द्यायची ते मानकऱ्यांनी आधीच हेरून ठेवलेलं असतं.

असं म्हणतात की जुन्या राणीला, एलिझाबेथला, सगळं जग ताज्या रंगाच्या वासाचंच वाटत असणार, कारण ती जाईल तिथे आदल्या दिवशी रंगकाम झालेलं. हे मला लगेच पटलं. आमच्याच रस्त्यावर मध्यंतरी कोणी बडे पाहुणे येणार होते, तर एका रात्रीत खड्डे बुजले आणि वर्षानुवर्षांचा गतिरोधक गायब! पाहुणे गेले, खड्डे परत आले.

हे झालं दिसणारं काम. न दिसणारं म्हणजे लाल पेट्या. सरकारी कागदपत्रांची पेटी जवळपास रोज येते, सुटीवर असलं तरी. शिवाय आठवड्याला पंतप्रधानांशी बंद दाराआड भेट. राणी एलिझाबेथने नव्या पंतप्रधानांची नेमणूक केली 6 सप्टेंबर 2022 ला, आणि ती वारली 8 तारखेला. वय 96. तिचा मुलगा चार्ल्सही कागदांचा किडा. कागद वाचता वाचता टेबलावरच झोपायचा आणि गालाला कागद चिकटलेला असायचा, असं त्याच्या धाकट्या मुलानेच सांगितलंय. युवराज असताना हा मंत्र्यांना हाताने लांबच्या लांब पत्रं लिहायचा. 2015 मध्ये न्यायालयामुळे ती बाहेर आली, तर सैन्याच्या हेलिकॉप्टरपासून कुठल्याशा दक्षिणेकडच्या समुद्रातल्या माशापर्यंत विषय! अशी पत्रं घेऊन येणारे निवृत्त गृहस्थ आमच्या ऑफिसात दर सोमवारी येत. फरक इतकाच की यांच्या पत्राला मंत्री उत्तर देत.

त्याचे वडील फिलिप 2017 मध्ये, 96 व्या वर्षी निवृत्त झाले. 1952 पासून एकट्याने केलेले कार्यक्रम 22,219. जगात सगळ्यात जास्त पाट्यांचं अनावरण आपणच केलंय, असं ते स्वतःच म्हणायचे. पुण्यात जन्मले असते तर पाट्या लिहिल्याही असत्या.

पैशाचं तू विचारणारच. राजघराण्याच्या कामासाठी सरकार जे अनुदान देतं ते 2024-25 मध्ये 8 कोटी 63 लाख पौंड होतं, 2025-26 साठी 13 कोटी 21 लाख. त्यातला मोठा भाग राजवाड्याच्या जुन्या तारा-नळ बदलण्यात जातो. पोलीस बंदोबस्ताचा खर्च यात धरतच नाहीत, आणि टीकाकार नेमकं त्यावरच बोट ठेवतात. ते मला रास्त वाटतं. कोणी किती राबतो ही एक गोष्ट झाली आणि खर्चाचा पुरा हिशेब ही दुसरी. अ‍ॅनचा दिवस कितीही भरलेला असो, हिशेब तपासायचा तो तपासायचाच.

आणि आपल्या डबेवाल्यांचा किस्सा तर तुला माहीत हवाच, कारण त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले, मावळ, खेड, जुन्नरकडचे. 2003 च्या नोव्हेंबरात चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटला. डबेवाले सांगतात, "आम्ही कळवलं, भेटायचं तर आमच्या वेळेत या, डबे थांबणार नाहीत." आणि तो आला! पुढे 2005 मध्ये त्याच्या लग्नाला दोघा डबेवाल्यांना आमंत्रण गेलं आणि ते जाऊनही आले. माझ्या मते त्या दौऱ्यात यजमानाने पाहुण्याला वेळ नेमून दिल्याचा हा एकच प्रसंग असावा.

पुण्यात अशा पाहुण्याच्या हातची एक कोनशिलाही आहे. शिवाजीनगरला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे ना, नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, त्या स्मारकाची. नोव्हेंबर 1921 मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते ती बसवली. त्याच आठवड्यात तो मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार पुकारलेला होता आणि शहरात दंगल पेटली होती. तरी पाहुणा ठरल्याप्रमाणे पुण्यात हजर! पुतळा उभा राहिला 1928 मध्ये. आणि ज्याने कोनशिला बसवली तो एडवर्ड 1936 मध्ये राजा झाला नि त्याच वर्षी गादी सोडून निघून गेला. लग्नासाठी सोडली हे खरंच, पण ही सगळी मिरवणूक त्याला जड जात होती असं मला आपलं वाटतं.

कारण मंदा, या नोकरीला अर्ज नाही, मुलाखत नाही आणि राजीनामा दिला तर सगळं घर फाटतं. 2020 मध्ये चार्ल्सच्या धाकट्या मुलाला, हॅरीला, ती अर्धवेळ करायची होती, आजीने, म्हणजे राणी एलिझाबेथने, नाही म्हटलं. स्वीडनच्या राजाने 2019 मध्ये आपल्या बऱ्याच नातवंडांना कामाच्या यादीतून काढलं, तेव्हा लोकांना ती शिक्षा वाटली. मला ती सुटका वाटली. आणि नेदरलँड्सचा राजा तर चक्क विमान चालवतो! महिन्यातून दोनदा, 21 वर्षं सहवैमानिक म्हणून, आणि हे जगाला कळलं 2017 मध्ये. घोषणा करताना नाव सांगायची गरज नसते म्हणून कोणी ओळखत नसे. वर गेल्यावर जमिनीवरच्या कटकटी सोबत नेता येत नाहीत, असं तो म्हणाला. बाकी वेळ माणूस राजा असतो, तेवढे तास त्याला नुसता उंची-वेग सांभाळायचा. मला त्याचं हे फार पटलं. निवृत्तीनंतर मी बागेत गुंतले ती काही गुलाबांच्या प्रेमाने नव्हे.

असो, फार झालं. दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस काढून ये, नेहमीसारखी चहा पिऊन पळू नकोस. भाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर कळव. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
विद्या