सोडून दिलेल्या गॅसचा हिशेब

सांगली,
१२ मे

प्रिय सुधीर,

काल दुकानात गाडीच्या एसीचं काम होतं. पोरानं नट सैल केला अन् फुस्स झालं. मी धावत जाऊन पाना हातात घेतला. आपलं १९९६ सालचं उमेदवारीचं वर्ष आठवलं. थंडाव्यासाठी आर-१२ गॅस भरलेला फ्रिज आला की पाईप कापायचा, खिडकी उघडायची. 'वारा नेतो' म्हणायचे. 'कुठं नेतो?' असं तू विचारलं होतंस. आता सांगतो.

हवा धुणारा एक कण असतो, हायड्रॉक्सिल. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओझोन फुटतो आणि सुटलेला ऑक्सिजन बाष्पाला भिडला की हे कण जन्मतात. म्हणून ऊन आणि दमटपणा दोन्ही असलेल्या आपल्यासारख्या उष्ण पट्ट्यात ते जास्त. आयुष्य मात्र सेकंदभर, तेही नाहीच. घनसेंटिमीटरभर हवेत २५ वर १८ शून्यं एवढे रेणू, त्यात हे सरासरी फक्त दहा लाख! तरी तेवढेच पुरतात. गॅसच्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतात, स्वतः पाणी होतात. उरलेला सांगाडा तुटत जातो, त्यातलं आम्ल पावसाबरोबर खाली येतं.

हे कण बाटलीत भरून मोजता येत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी मिथाइल क्लोरोफॉर्मचा माग काढला. धातूवरचं ग्रीस काढायला वापरायचे, तेच. किती तयार झालं त्याची नोंद होती. मॉन्ट्रियल करारानं ते बंद झालं आणि हवेतला साठा कसा घटला त्यावरून धुण्याचा वेग कळला. त्याचं हवेतलं सरासरी आयुष्य भरलं सुमारे ५ वर्षं.

गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए गॅसचं सुमारे १४ वर्षं. पण १४ वर्षांनी सगळा संपत नाही गड्या, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेव्हाही उरतो. आणि आर-१२ मध्ये हायड्रोजनच नाही, ओढायचं काय? तो शंभरेक वर्षं टिकतो. वर स्थितांबरात जाऊन तुटतो, तिथं त्याचा क्लोरीन ओझोन खातो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच हे सांगितलं होतं. आपल्या हातून उमेदवारीच्या वर्षी सुटलेला जवळजवळ पाऊण भाग अजून हवेतच आहे. हे कळल्यापासून मला चैन नाही.

गाड्यांच्या एसीत येणारा नवा वायएफ (आर-१२३४वायएफ) गॅस दोनेक आठवड्यांत तुटतो, पण त्यातून होणारं ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल पाण्यात मुरून राहतं, ते सहजी विरत नाही. म्हणून तोही सोडून द्यायचा नाही.

पुण्याहून येताना रिकव्हरीचा एक रिकामा सिलिंडर घेऊन ये. पोराला गॅस काढून घ्यायला मीच शिकवणार आहे, पण तू शेजारी उभा असावास.

तुझाच,
विलास