आंतिपातिको

बोलोन्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "इटालियन जमतंय का गं?" भाजी, बस, दवाखाना एवढ्यापुरतं जमतं. पण सध्या एक शब्द तोंडात चांगलाच बसलाय: आंतिपातिको. जोर 'पा'वर. बाईला आंतिपातिका, अनेक पुरुषांना आंतिपातिची, बायकांना आंतिपातिके. बाबा, तुम्हाला व्याकरणाची हौस म्हणून हे लिहिलं, आईने गाळलं तरी चालेल.

जो माणूस नकोसा वाटतो तो आंतिपातिको. ही शिवी नव्हे. बागेत घसरगुंडीवर पोरं एकमेकांना हेच ऐकवतात आणि पुढच्या मिनिटाला एकाच पुड्यातली बिस्किटं खातात. तो माणूस लबाड किंवा दुष्ट असायलाच हवा असंही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचंच बघा. इथे ओला कचरा, कागद, प्लास्टिक, काच सगळं वेगळं टाकायचं. कुणी कचरा टाकून वळलं की या बाई डब्याचं झाकण उचलून आत डोकावणार, आणि मग हजेरी घेतल्यासारखं "बुओनजोर्नो" म्हणणार. मी घरी नसले की माझं पार्सल तेवढ्याच नेमाने घेऊन ठेवतात. तरीही आंतिपातिका!

बाबा, तुम्हाला आवडेल ते पुढेच आहे. इथे म्हणतात, "मी स्ता आंतिपातिका." यातला 'मी' म्हणजे आपला 'मला'. वाक्य अगदी आपल्या 'मला ती आवडत नाही'च्या वळणाचं. बाई तशा आहेत की मलाच तशा वाटतात, याचा निकाल कुणी मागत नाही. पहिल्या भेटीतच बिनसलं तर 'आ पेल्ले' म्हणायचं, म्हणजे कातडीलाच कळलं. मग कारणही द्यावं लागत नाही. शब्द मूळचा ग्रीक, 'आन्ती' म्हणजे विरुद्ध आणि 'पाथोस' म्हणजे भावना. उलट अर्थाचा सिंपातिको. तो इंग्रजीतल्या सहानुभूतीच्या शब्दासारखा दिसतो म्हणून फसू नका. सिंपातिको म्हणजे ज्याच्याशी गप्पा मारायला मजा येते तो.

आई, मला सारखी तुझी आठवण येते. "वन्सं मनाने चांगल्या आहेत हो, पण..." एवढं बोलून तू थांबतेस. बाबा लगेच विचारतात, "पण काय?" की तू लग्नातल्या शालूपासून पुरावे काढायला लागतेस, आणि बाबा एकेक खोडून काढतात. दुपारचा चहा गार होतो. यापुढे पुरावे देऊच नकोस. "मी स्ता आंतिपातिका" म्हण आणि गाळणं हातात घे. भावना तुझी आहे, बाबा ती खोडणार कशी?

बाबा, रागावू नका. आत्या मला सिंपातिकाच वाटते. फक्त ती आली की पत्र वाचायला मागेल, तेव्हा हे पान आधीच काढून ठेवा.

तुमची,
मुक्ता